काओ साहेब परत येतील का

१४ जुलै २०२२, गुरुवार, रियाध

आज काओ साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घ्यायला सांगितलं. मागे एकदा असंच दार लावून घेतलं होतं तेव्हा इजिप्शियन अकाउंटंटची नोकरी गेली होती. तेव्हापासून ऑफिसात आम्ही दोघंच आहोत, साहेब आणि मी.

साहेब म्हणाले, चार महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन तैवानला जाणार आहे. निवडणुकीला उभा राहणार आहे.

(साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलतात, मध्ये मध्ये अरबी. मी इथे मराठीत लिहितो. नाहीतर मी मराठी लिहायला विसरेन.)

"कसली निवडणूक, सर?"

"गावप्रमुखाची."

"देशाची नाही?"

"माझ्या गावाची, हाशिर. बाराशे मतं."

मला काहीच समजलं नाही. काओ साहेब अकरा वर्षं रियाधमध्ये आहेत. त्यांची तैवानची कंपनी गोठ्यांचे मोठे पंखे बनवते; इथे ते विकायचं साहेब बघतात, फाइली आणि दुरुस्ती मी. अल खर्जच्या डेअऱ्यांमध्ये उन्हाळ्यात हे पंखे थांबले तर गाईंचं दूध आटतं, म्हणून साहेबांना तिथे सगळे मान देतात. रियाधच्या ओलायात नवव्या मजल्यावर ऑफिस, कंपनीची गाडी, कंपनीचं घर. हे सोडून बाराशे मतांचं गाव?

मी विचारलं, "जिंकलात तर?"

"तर तिथेच राहायचं."

"आणि हरलात तर?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "आधी उभा तर राहू दे."

म्हणजे हरले तर परत येणार. मी तसंच समजतो. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जानेवारीत संपतो. आमचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर इथे आमचं ऑफिस आणि परवाने आहेत, त्या अबू नासिर यांनी मागेच सांगितलं आहे की काओ आहे तोवर हे ऑफिस आहे. पंख्यांच्या धंद्यात त्यांना स्वतःला रस नाही. ऑफिस बंद झालं तर माझा इकामा कोण काढणार?

१५ जुलै, शुक्रवार

जुम्मा झाल्यावर बथ्याच्या बाजारात जमालुद्दीन चाचांच्या दुकानात गेलो. चाचा आमच्याच बाणकोट खाडीवरचे. सुटकेसा आणि ब्लँकेटं विकतात. त्यांची मुलगी निदा गावाला असते. तिच्याशी माझा निकाह फेब्रुवारीत करायचं दोन्ही घरांनी बोलून ठेवलं आहे, पण तारीख काढलेली नाही. चाचा म्हणाले होते की इकामा नवा झाला की काढू. माझ्या आधी आलेल्या स्थळाची नोकरी साखरपुड्यानंतर गेली होती, म्हणून ते जपतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही जपलं असतं.

मी त्यांना साहेबांचं सांगितलं. चाचा हसायलाच लागले.

"अरे, मीपण गेलो होतो. इथून खास रजा काढून. ग्रामपंचायतीला उभा राहिलो. पोस्टर काय, रिक्षा काय, सगळ्या वाडीला बिर्याणी. मंगळवारी निकाल लागला, गुरुवारी मी रियाधच्या विमानात."

"का?"

"का म्हणजे? हरलेला माणूस गावात थांबून करणार काय? लोकांच्या तोंडाकडे बघत बसणार? तेव्हापासून इलेक्शनच्या टायमाला मी गावाला जात नाही. तुझा साहेब हरू दे, तिसऱ्या दिवशी ऑफिसात हजर होतो की नाही बघ." मग एका गिऱ्हाइकाला सुटकेसची चाकं फिरवून दाखवत म्हणाले, "दुआ कर पोरा, हरण्याची."

गिऱ्हाईकही हसलं. मी हसलो नाही.

१९ जुलै, मंगळवार

साहेबांना घेऊन अल खर्जला गेलो. निरोप घ्यायला. साहेब प्रत्येक गोठ्यावर थांबले. नेपाळी दूधवाल्याला त्याच्या मुलाच्या पायाचं विचारलं, सुदानी ड्रायव्हरला त्याच्या आईचं. मुलांची, बायकांची नावं त्यांना पाठ आहेत. मला वाटायचं हे पंखे विकण्यासाठी असेल. पण दूधवाला काही पंखे विकत घेत नाही.

शेवटी सुरेशभाऊंच्या डेअरीत गेलो. सुरेशभाऊ सिन्नरचे, तिथले मेंटेनन्स सुपरवायझर. त्यांनी सगळ्या मराठी लोकांना जमवलं होतं. म्हणाले, "साहेब इलेक्शनला चाललेत. सत्कार नको? आपल्याकडे असं नुसत्या चहावर माणूस पाठवत नाहीत." आणि त्यांनी साहेबांना पांढरी टोपी घातली आणि गळ्यात टॉवेल घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं ऊन लागलं. मग त्यांनी कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

गाडीत बसल्यावर त्यांनी टॉवेल हातात घेतला. मग विचारलं, "हे तुमच्याकडे कधी देतात?"

"कुणाला मान द्यायचा असला की, सर."

"जिवंत माणसाला?"

"हो सर. जिवंतच."

साहेब इतके हसले की मला गाडी हळू करावी लागली. त्याच टॉवेलने त्यांनी डोळे पुसले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

२१ जुलै, गुरुवार

साहेबांना एअरपोर्टवर सोडलं. त्यांनी ऑफिसच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी दोनदा विचारलं, नोव्हेंबरनंतरचा तुमचा डेंटिस्टचा नंबर लावून ठेवू का? ते म्हणाले, "बघू." हे हो असेल की नाही?

१२ ऑगस्ट, शुक्रवार

साहेबांचा फोन. तिकडे उतरल्यावर आधी हॉटेलात कोंडून ठेवलं होतं, करोनाचा नियम. आता गावात आहेत. गाव समुद्राकाठी आहे आणि लोक कालवं काढतात, हे मला माहीत नव्हतं. आमच्या खाडीतही बायका ओहोटीला कालवं काढतात. साहेबांनी अकरा वर्षांत कधी सांगितलं नाही. मी तरी कुठे आमचं सांगितलं?

त्यांचे वडील पाच वेळा गावप्रमुख होते. साहेबांना त्या कामाचा कंटाळा होता. घरात सतत माणसं, कुणाची गटारं, कुणाची भांडणं. म्हणून ते मशीनचं शिकले, पंख्याच्या कारखान्यात लागले आणि मिळेल तेवढ्या लांब आले. गेल्या वर्षी वडील वारले. अंत्यविधीला एक म्हातारी त्यांना म्हणाली, "आता आमच्या गटाराचं कुणाला सांगायचं?" एवढंच. तेवढ्यावर माणूस नोकरी सोडतो?

मी विचारलं, "सर, ते गटार दुरुस्त करून द्या ना. त्याला निवडून कशाला यायला पाहिजे?"

साहेब म्हणाले, "ते मी पहिल्याच दिवशी केलं."

३ सप्टेंबर, शनिवार

साहेबांचा अर्ज भरून झाला. समोर एकच उमेदवार आहे, त्यांचा चुलत भाऊ. तो गॅसचे सिलिंडर पोचवतो, म्हणजे गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन आलेला. साहेब सकाळी अंधारातच उठून मासळीबाजारात उभे राहतात. अंगावर नाव लिहिलेला पट्टा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करतात. फोटो पाठवला होता. ज्या माणसापुढे मी फाइल धरून उभा राहायचो, तो माणूस मासे निवडणाऱ्या बाईपुढे वाकला आहे आणि तिचं लक्ष माशांत आहे.

आणि ते अंत्यविधींना जातात. ओळख नसलेल्यांच्यासुद्धा. लोक विचारतात, "तुझे वडील आमच्या घरी आले होते, अकरा वर्षं तू कुठे होतास?" साहेब म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही, हाशिर. मी खरं सांगतो, गोठ्यांत पंखे लावत होतो. ते हसतात आणि भावाला मत देतो म्हणतात."

मला हे ऐकून बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचं वाईट वाटलं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी ती दुआ केली. अस्रच्या नमाजानंतर. शब्द नीट जुळवून केली, म्हणजे साहेबांना आजार नको, अपमान नको, त्यांच्या घरच्यांना काही नको, फक्त मतं थोडी कमी पडू देत. अशी अर्धवट दुआ करता येते का, हे कुणाला विचारावं ते कळत नाही. इमामसाहेबांना विचारलं तर ते, हे साहेब कोण, कुठले, असं विचारतील.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबांनी एका अंत्यविधीचा फोटो पाठवला होता. त्यात घरचे लोक आलेल्यांना एकेक टॉवेल देताना दिसत होते. मी साधेपणाने विचारलं, हा कसला मान?

साहेब म्हणाले, "तिकडे मान असेल. इकडे टॉवेल मयताच्या घरून मिळतो. पुन्हा असं दुःख घेऊन भेटू नये म्हणून. आणि पांढरी टोपी घालून कुठे जातात ते सांगू का?"

सांगायची गरजच पडली नाही. चार महिन्यांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून साहेबांची अंत्ययात्रा काढली होती. वर टाळ्या वाजवल्या होत्या. मी किती वेळा सॉरी म्हटलं ते आठवत नाही.

"अरे, टॉवेल चांगला आहे. रोज घाम पुसतो. बायको फेकून देते, मी परत काढतो."

मी लगेच सुरेशभाऊंना फोन केला. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आयला. मग आता नारळ पाठवू का?"

"नको भाऊ. नारळाचं तिकडे काय असेल कोण जाणे."

दुआ मी केली आणि टॉवेलच्या वेळीही मी शेजारीच उभा होतो. आता साहेब हरले तर ते कशामुळे हरले हे मला आयुष्यात कळणार नाही.

२३ नोव्हेंबर, बुधवार

काल फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये सौदीने अर्जेंटिनाला हरवलं, म्हणून आज राजाने सगळ्यांना सुट्टी दिली. रस्त्यात अजून हॉर्न चालू आहेत. अबू नासिर खुशीत होते, त्यांनी स्वतःहून फोन केला.

"काओ जिंकणार का?"

"माहीत नाही, अबू नासिर."

"आता कुणीपण जिंकू शकतं!" आणि मोठ्याने हसून, "तो जिंकला तर तू खलास."

मी इकाम्याचं विचारणार होतो. मागून पोरं ओरडत होती. फोन कट झाला.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आज मतदान. तिकडची मोजणी संध्याकाळी, म्हणजे आमच्या दुपारी. मी उगाचच ऑफिसला जाऊन बसलो. टेबल पुसलं. साहेबांची खुर्ची पुसली.

मेसेज आला. "हरलो. सत्तेचाळीस मतांनी."

मी उठून उभा राहिलो. शुक्राने की, म्हणजे आभाराची नमाज पढलो. नंतर वजू केलं होतं की नाही, म्हणजे आधी हातपाय धुतले होते की नाही, ते आठवेना, म्हणून वजू करून पुन्हा पढलो. मग साहेबांना लिहिलं, "सर, खूप वाईट वाटलं." हे खोटं नव्हतं. पण मेसेज जाताना मी हसत होतो, हेही खरं आहे.

संध्याकाळी चाचांकडे गेलो. त्यांनी रव्याचा गोड बसबुसा मागवला. "बघ, तिसऱ्या दिवशी हजर. निदाच्या आईला सांगतो आज."

२७ नोव्हेंबर, रविवार

साहेबांनी व्हिडिओ पाठवला आहे. मी तो पाच-सहा वेळा पाहिला.

पाऊस पडतो आहे. एक छोटा टेम्पो, वर भोंगा. मागच्या बाजूला साहेब उभे आहेत, अंगावर तोच नावाचा पट्टा, आणि हात जोडून दर वळणाला वाकत आहेत. मला वाटलं हा प्रचाराचा जुना व्हिडिओ आहे. पण तारीख आजची होती. खाली लिहिलं होतं, "आभार मानतोय." टेम्पो त्या गॅसवाल्या भावाच्या घरापुढेही थांबला. साहेब तिथेही वाकले. आतून कुणीतरी छत्री घेऊन धावत आलं आणि त्यांच्या डोक्यावर धरून टेम्पोबरोबर थोडं चाललं.

चाचांना दाखवला.

"जिंकला वाटतं?"

"नाही चाचा. हाच तो, हरलेला."

"मग मिरवतो कशाला?"

"ज्यांनी मतं दिली त्यांचे आभार मानतोय म्हणे. तिकडे हरलेलेसुद्धा मानतात."

"वेडा आहे." त्यांनी मोबाईल परत दिला. मग पुन्हा मागितला. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, चाचांनी बघितलंसुद्धा नाही. "लोक हसत नाहीत त्याला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिसत तरी नाही. त्यानंतर ते माझ्याकडे पाठ करून सुटकेसा लावत बसले. माझं काही चुकलं का?

२८ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांचा फोन आला. मी तयारीत होतो, विमान कुठलं, कधीचं, न्यायला मी येतो.

ते म्हणाले, "मी येत नाहीये, हाशिर."

"पण सर, तुम्ही हरलात."

"म्हणून तर. जिंकलो असतो तरी राहिलो असतो, हरलो म्हणून राहायलाच पाहिजे. आता गेलो तर लोक म्हणतील, बघा, मत मागायला आला होता. चार वर्षांनी पुन्हा उभा राहीन. तोवर इथे म्हाताऱ्यांना दुपारचे डबे पोचवायचं काम आहे, बिनपगारी. वडिलांनीही तिथूनच सुरुवात केली होती."

मी विमानांच्या वेळा लिहिलेला कागद घडी घालून बाजूला ठेवला.

"तू माझ्यासाठी दुआ केलीस?"

"केली, सर."

"कशाची?"

मला खोटं बोलायचं होतं. एवढं सोपं होतं. पण तोंडातून काही निघेचना. साहेब वाट बघत राहिले आणि मग जोरजोरात हसले. "इथे सगळे मला तोंडावर म्हणाले, तुलाच मत. निदान तू तरी म्हणाला नाहीस." मग म्हणाले, "एक काम कर. अल खर्जला जा. सगळ्या गोठ्यांवर जाऊन आभार मान."

"तुमच्यातर्फे?"

"तुझ्यातर्फे. तूही हरलास ना."

मी कुठे उभा होतो?

१ डिसेंबर, गुरुवार

अबू नासिर यांनी बोलावलं. मोठ्या मायेने बोलले. महिनाअखेर ऑफिस बंद. दुसरा कफील मिळाला तर ते ट्रान्सफरला हो म्हणतील, नाही मिळाला तर जानेवारीत घरी. चहा दिला, खजूर दिले. मी खजुराची बी कुठे ठेवावी हेच बघत राहिलो.

घरी कळवलेलं नाही.

६ डिसेंबर, मंगळवार

अल खर्जला गेलो. का गेलो ते माहीत नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून, दुसरं काय.

पहिल्या डेअरीत मॅनेजरसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "आमचं ऑफिस बंद होतंय. इतकी वर्षं आमचे पंखे घेतलेत, आभार." हात जोडले, मग वाटलं जोडायला नको होते, मग वाटलं आता सोडले तर वाईट दिसेल. मॅनेजर म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." तो म्हणाला, "आलाच आहेस तर तो पंखा बघ जरा, आवाज करतोय."

बेअरिंग गेलं होतं. बदलून दिलं.

दुसऱ्या डेअरीतही तेच. पट्टा सैल होता. मॅनेजर स्वतः शेजारी उभा राहून बघत होता. तिसऱ्या ठिकाणी, सुरेशभाऊंच्या डेअरीत, तर पंखा आधीच उतरवून ठेवला होता आणि तिथला आयरिश मॅनेजर खुर्ची टाकून बसला होता. डिसेंबरात गोठ्यातले पंखे कुणी चालवत नाही. मग सगळ्यांना आजच कसे आठवले? ऑफिस बंद होणार म्हणून फुकटात करून घेत असणार. मी काही बोललो नाही. शेवटचंच आहे.

सुरेशभाऊ गेटपर्यंत आले. "काय नोकरीबिकरी मागितलीस का नाही आमच्या मॅनेजरकडे?"

"नाही भाऊ. आभार मानायला आलो होतो."

"अवघड आहे तुझं," ते म्हणाले आणि पाठीवर एक थाप मारली. अवघड आहे हे मला माहीतच होतं.

९ डिसेंबर, शुक्रवार

आज चाचांना सगळं सांगून टाकलं. साहेब येत नाहीत, ऑफिस बंद, इकामा नाही. म्हटलं, तुम्ही निदासाठी दुसरीकडे बघितलंत तरी मी वाईट वाटून घेणार नाही. हे वाक्य मी रस्त्यात पाठ केलं होतं.

चाचा एक सुटकेस भरत होते. विकायची नव्हे, स्वतःची.

"अठराला आपल्याकडे ग्रामपंचायतीचं मतदान आहे," ते म्हणाले. "मी गावाला चाललोय."

"तुम्ही उभे आहात?"

"छे! तेव्हा मला एकशे नऊ लोकांनी मत दिलं होतं. मी एकाच्याही दारात गेलो नाही, सरळ विमानात बसलो. त्यातले किती राहिलेत बघतो." मग सुटकेसची चेन ओढत म्हणाले, "त्या टेम्पोवर तुझा साहेब किती वेळ उभा होता रे? दिवसभर?"

"आणि निदाचं, चाचा?"

"आल्यावर बोलू."

हा नकार आहे का? वाटेत मी बऱ्याच वेळा विचार केला. नकार असता तर बसबुसा दिला नसता. पण आज बसबुसा दिलाच नाही, तो २६ तारखेला दिला होता.

१३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी मोबाईलवर सरकारी मेसेज आला. अल खर्जच्या डेअरीने, सुरेशभाऊंच्याच, माझी ट्रान्सफर मागितली आहे. पंखे आणि कूलिंगचा मेकॅनिक. मला मान्य आहे की नाही ते दाबायचं. मी आधी कंपनीचं नाव अक्षर अक्षर तपासलं. आजकाल फसवणूक फार होते.

सुरेशभाऊंना फोन केला. "भाऊ, हे तुम्ही केलंत?"

"मी? माझं कोण ऐकतंय इथे! तुझ्या तैवानवाल्याने केलं. दहा दिवस झाले, रोज मॅनेजरला फोन. सगळ्या डेअऱ्यांना, फक्त आम्हालाच नव्हे. मॅनेजरला म्हणाला, माझ्या मुलासारखा आहे असं म्हणणार नाही, माझ्या जिंकण्याची दुआसुद्धा केली नाही त्याने, पण बेअरिंग बदलताना त्याला बघा. मॅनेजर म्हणतो, एवढे फोन तर पंखे विकतानाही केले नव्हते याने."

"दहा दिवस? म्हणजे मी यायच्या आधीपासून?"

"मग तुला काय वाटलं, पंखा आपोआप खाली उतरला होता?"

मी "मान्य" दाबलं. दाबल्यावर मला वाटलं चुकून दुसरंच दाबलं, पण नाही, बरोबर होतं. घरी फोन करून सांगितलं. अम्मी रडली. चाचा गावाकडेच आहेत, त्यांना अम्मी सांगेल.

मग साहेबांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी त्यांच्या हरण्याची दुआ केली हे ज्यांना माहीत आहे, ते माझ्यासाठी दहा दिवस दारोदार फोन करत होते. हे मला कळत नाही. मी त्यांच्या गावचा नाही, माझं तिकडे मत नाही.

साहेबांनी फोन उचलला आणि हळूच म्हणाले, "अंत्यविधीत आहे. नंतर."

"कुणाच्या, सर?"

"मासळीबाजारातली एक म्हातारी. भावाची मतदार." आणि त्यांनी फोन खिशात टाकला असावा, कट केलाच नाही.

मागे झांजा वाजत होत्या आणि कुणीतरी बाई मोठ्याने रडत होती. मी ओलायाच्या रिकाम्या ऑफिसात उभा राहून ते ऐकत होतो. मग म्हटलं, "शुक्रिया, सर." त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. म्हणून पुन्हा म्हटलं. तेवढ्यात रडणं जवळ आलं, साहेब त्या बाईला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होते, आणि मी फोन तसाच कानाला धरून ठेवला.